एकच गाडी घ्यायचीय: डबल कॅब पिकअप की मोठी एसयूव्ही? (मंगळवेढा, काळी माती, डाळिंब)

माणकाठ
राम राम मंडळी. वस्ती डांबरी रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत आहे. पाणंद रस्ता, सगळी काळी माती. पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत दुचाकीसुद्धा जात नाही. हंगामात एका खेपेला डाळिंबाची ३० कॅरेटं पंढरपूर नाहीतर सोलापूर मार्केट यार्डात न्यायची असतात. घरात सहा माणसं, त्यातली दोघं सत्तरीच्या पुढची. गाडी एकच घ्यायची आहे, डिझेल आणि फोर बाय फोर. डोक्यात तीन नावं आहेत: आयसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या डबल कॅब पिकअप (सीटांच्या दोन ओळी, मागे मालाचा उघडा हौदा) आणि महिंद्रा स्कॉर्पिओ-एन ही एसयूव्ही. माहितीपत्रकं वाचून झाली. रानात आणि वजनकाट्यावर काय होतं ते जाणकारांनी सांगावं.

होटगीरोड
हायलक्स घ्या, विषय कट. २.८ लिटरचं इंजिन, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि तो १६०० आरपीएमपासूनच मिळतो. मागच्या डिफरन्शियलला (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) इलेक्ट्रॉनिक लॉक. ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता. व्ही-क्रॉसचं १.९ लिटर इंजिन १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटरचं. स्कॉर्पिओ-एन वरच्या मॉडेलात १७५ पीएस, मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन-मीटर. आकडेच बोलतात.

पाटेवाला
होटगीरोड, आकडे बरोबर आहेत, पण माणकाठ अण्णांच्या प्रश्नाचा आकडा यात नाहीच. त्यांचा प्रश्न वजनाचा आहे.

आरसी बुकात दोन वजनं छापलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं मान्य वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी कायद्याने किती उचलू शकते. त्या फरकात माणसंही आली, हौद्यावर बसवलेलं झाकण आलं, आतलं लायनर आलं, बाजूच्या पायऱ्या आल्या. समजा भरलेलं वजन २६०० आणि रिकामं २१००. उरले ५०० किलो. चालक आणि सोबत एक माणूस मिळून १५० गेले. झाकण-लायनरचे ५० धरा. राहिले ३००. डाळिंबाचं भरलेलं कॅरेट प्लास्टिकसकट २२ किलो धरलं तर १३ कॅरेटं बसतात. तुमची ३० कॅरेटं म्हणजे ६६० किलो. बसत नाहीत.

महागडी डबल कॅब दिसते दांडगी, पण तिचा जोर ओढण्यात आणि चिखलात असतो. वजन वाहण्यात साधी सिंगल कॅब पिकअप तिला कुठल्या कुठे मागे टाकते. टाटा योद्धा २.० दोन टन नेते, बोलेरो मॅक्स पिकअपचं मोठं मॉडेलही दोन टन, इंट्रा व्ही५० दीड टन. आणि त्यांची इंजिनं शंभर हॉर्सपॉवरच्या आतबाहेरच आहेत.

दुसरी गोष्ट, माणसं सहा आणि डबल कॅबमध्ये सीटा पाच. इथेच अर्धा निकाल लागतो.

अक्कलकोटनाका
+१. हौद्याचं मापही बघा. डबल कॅबचा हौदा साधारण दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, आणि मध्ये दोन्ही बाजूंनी चाकांचे उंचवटे. नेहमीचं कॅरेट ६० बाय ४० सेंटिमीटरचं. एका थरात सहा ते आठ बसतात. ३० कॅरेटं म्हणजे चार-पाच थर, म्हणजे फाळक्याच्या वर माल. वरचा थर दोरीने आवळला की खालच्या भगवा जातीच्या डाळिंबाला डाग पडतात आणि भाव उतरतो.

सीनामाई
माती राहिलीच. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा पहिल्या काही मीटरमध्येच भरतात आणि चाक तेल लावल्यासारखं सरकतं. तेव्हा चारही चाकांना ताकद असून उपयोग नाही, टायरची नक्षी चिखल बाहेर फेकणारी हवी. शोरूममधून येणारे टायर बहुतेक हायवे नक्षीचे असतात. ऑल टेरेन घ्या आणि त्यातही खाचा रुंद असलेले. फक्त रुंद टायर घेऊन भागत नाही.

आता फसल्यावर. पहिली चूक असते ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवत राहणं. चाक जागच्या जागी खड्डा करतं आणि डिफरन्शियलचा गोळा मातीवर टेकतो. मग ट्रॅक्टरशिवाय गत्यंतर नाही. चाक फिरायला लागलं की लगेच थांबा. फोर-लो (चारही चाकांना कमी वेग पण जास्त जोर देणारा गिअर) घ्या, पण गाडी पूर्ण थांबवून आणि न्यूट्रलमध्ये टाकूनच. टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड वाढते. फावड्याने चाकाच्या पुढची माती उतरती करा, खाली पोती किंवा फळी टाका, स्टिअरिंग सरळ ठेवून हलक्या पायाने काढा. डिफ लॉक असेल तर इथे लावा. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक सहज फिरतं त्याच्यातूनच सगळी ताकद वाया जाते, लॉक लावल्यावर दोन्ही चाकं एकत्र फिरतात. लॉक लावून वळायचं नाही आणि डांबरावर यायच्या आत काढायचं.

डांबर लागलं की हवा परत भरायचीच. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत कायम ठेवा. मऊ टायरवर हायवे धरला तर टायरची बाजूची भिंत तापून फुटते. सोलापूरच्या उन्हात सांगायलाच नको.

हुरडापार्टी
आणि रिकामी पिकअप? मागे वजन नाही म्हटल्यावर मागची चाकं सगळ्यात आधी घसरतात.

सीनामाई
अगदी. मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) मालाच्या हिशेबाने कडक केलेले असतात, त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची चाकं खड्ड्यात उड्या मारतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागची बाजू फिरू बघते. पावसाळ्यात हौद्यात बरोबर मागच्या ॲक्सलवर १०० ते १५० किलो वाळूची पोती बांधून ठेवा. बांधूनच, नुसती टाकून नाही. सुटी पोती ब्रेकला पुढे येऊन केबिनवर आदळतात.

बार्शीलाइट
मंडळी, कराचाही विचार करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपेक्षा लांब आणि १५०० सीसीच्या वर इंजिन असलेल्या एसयूव्हीला जीएसटी ४० टक्के आहे, आधी सेस धरून ५० होता. मालवाहू गाड्यांचा २८ वरून १८ वर आला. त्या तारखेच्या आधीची कोटेशनं कोणी दाखवली तर बाजूला ठेवा.

चादरवाला
बार्शीलाइट, त्यात भर. एमआयडीसीत कारखाना असलेल्यांनी लक्षात ठेवावं की मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळतं, घरच्या वापराच्या एसयूव्हीवर मिळत नाही. शेतकऱ्याची जीएसटी नोंदणीच नसते, त्यामुळे माणकाठ यांना हा फायदा धरता येणार नाही.

होटगीरोड
मालवाहू पासिंग केलं की पिवळी पाटी, वेग ८० वर रोखणारा स्पीड गव्हर्नर, आरटीओची फिटनेस तपासणी, सगळं मागे लागतं. लायसन्सही वेगळं काढावं लागेल ना?

बार्शीलाइट
लायसन्सचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर एकूण ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. फिटनेस मात्र आहेच, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी. आणि हौद्यात माणसं बसवायची नाहीत. यात्रेला, लग्नाला सर्रास बसवतात. अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच हात वर करते आणि मागे बसलेल्यांना ना पट्टा, ना छप्पर. हे अजिबात करू नका.

जादा मालाचा दंडही बघून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,०००. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेतात.

अक्कलकोटनाका
पाटा वाढवून घ्यायचा की. दोन पाटे जास्त टाकले की डबल कॅबही सातशे किलो आरामात नेते. जिल्ह्यात निम्म्या गाड्या तशाच पळतात.

पाटेवाला
पळतात, पण का करू नये ते सांगतो.

एक, पाटा वाढवल्याने आरसीतलं मान्य वजन वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळे जुन्याच हिशेबाचे राहतात.

दोन, आणि हे गॅरेजवाला सहसा सांगत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसीपर्यंत एक बारीक दांडा असतो, तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला जोडलेला. माल भरला की गाडी मागून बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. पाटे वाढवले की गाडी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे वजन सातशे किलो आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा. तुळजापूरच्या घाटात उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात आणि पेडल मऊ पडतं. गाडीखाली वाकून तो दांडा शोधा. दिसला तर पाट्याला हात लावू नका.

तीन, टायर. टायरच्या भिंतीवर मापानंतर जो आकडा असतो तो वजनाचा निर्देशांक. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०, प्रत्येक टायरला. मागच्या दोन टायरांची बेरीज मागच्या ॲक्सलवर येणाऱ्या वजनापेक्षा चांगली जास्त असायला हवी. नवे टायर घेताना स्वस्त म्हणून कमी निर्देशांकाचे मारतात, ते तेवढं तपासा. शेजारी चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

अक्कलकोटनाका
व्हॉल्व्हचं ध्यानात आलं नव्हतं. मग पाट्याचं मागे घेतो.

सोनकिरण
नमस्कार. इंजिन-एक्झॉस्टवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माणकाठ दादांच्या वापरात खरा त्रास तिथेच होणार आहे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांना एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरत आला की इंजिन स्वतःहून जास्त डिझेल सोडून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्याला सलग १५-२० मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. वस्तीवरून गावात, गावातून वस्तीवर, दुसऱ्या गिअरमध्ये अडीच किलोमीटर आणि गाडी बंद, असं रोज केलं की जाळणं अर्धवट राहतं. पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे. ऑइल पातळ होऊन टर्बोची बेअरिंग जाते.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा मंगळवेढा-सोलापूर रस्त्यावर अर्धा तास गाडी २००० आरपीएमच्या वर ठेवून चालवा. जाळणं चालू असताना उभ्या गाडीचे आरपीएम थोडे वाढलेले असतात, रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो, जळका वास येतो आणि ॲव्हरेज पडलेलं दिसतं. अशा वेळी इंजिन बंद करू नका. ऑइल कमी राखेचंच वापरा, मॅन्युअलमध्ये दर्जा लिहिलेला असतो. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही आणि फिल्टरमध्ये कायमची बसते.

आता आपल्या भागातला धोका. ऊसतोड झाल्यावर रानात पाचट पसरलेलं असतं आणि सावलीसाठी गाडी बांधावर त्याच पाचटावर लावतात. जाळणं चालू असताना किंवा नुकतं संपलेलं असताना खालचा एक्झॉस्ट इतका तापलेला असतो की वाळकं पाचट पेटतं. गाडी मोकळ्या मातीवरच लावा. रानातून आल्यावर खाली वाकून फिल्टरच्या पत्र्यात पाचट, ताग, सुतळी अडकलंय का ते बघा आणि थंड झाल्यावर काढा.

हुरडापार्टी
ताई, पाचटाचं वाचून लगेच खाली वाकून बघितलं. मूठभर निघालं. _/\_

चादरवाला
डीईएफ म्हणजे धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये फवारलं जाणारं युरियाचं पाणी, ते कोणत्या गाडीला लागतं?

सोनकिरण
स्कॉर्पिओ-एन डिझेलला त्याची वेगळी टाकी आहे. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. खताचा युरिया विरघळवून कोणी टाकू नका, त्यातल्या अशुद्धीने फवारणीचा नोझल आणि कॅटॅलिस्ट दोन्ही जातात. टाकी संपत आली की गाडी आधी बरेच इशारे देते, आणि पूर्ण संपू दिली तर एकदा बंद केलेली गाडी परत चालू होत नाही. वस्तीवर कॅन साठवायचा तर पत्र्याच्या शेडमध्ये नको. ३० अंशांच्या वर त्याचं आयुष्य झपाट्याने कमी होतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. घरात, सावलीत, सीलबंद ठेवा. आणि चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी उतरवून धुवावी लागते.

होटगीरोड
बरं, वजनाचा मुद्दा मान्य. पण पुराच्या पाण्यात तरी उंच गाडीच लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा-मोहोळकडे काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

सीनामाई
७०० मिलिमीटर हा आकडा साचलेल्या, स्थिर पाण्यासाठी धरा. वाहत्या पाण्यात गुडघाभर खोलीसुद्धा एसयूव्हीला कडेला ढकलते, कारण मोठी गाडी पाण्यात अंशतः तरंगते आणि टायरवरचा भार कमी होतो. ओढ्यावरून पाणी वाहत असेल तर कुठलीच गाडी घालू नये.

साचलेल्या पाण्यातून जायचं तर माणसाच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये, न थांबता. मध्येच बंद पडली तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं की बदलायचं.

आणि एक बारीक गोष्ट. चिखलातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला माती चिकटून वाळते. हायवेला ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि माणसं अलाइनमेंट करत बसतात. आधी रिम आतून धुवा, निम्म्या वेळा तिथेच थांबतं.

पाटेवाला
फोर बाय फोरबद्दल एवढंच, की या तिन्ही गाड्यांत कोरड्या डांबरावर ते लावायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, मध्ये ताण साठतो आणि ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) येतो. उलट उन्हाळाभर लावलंच नाही तर ते अडकतं. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर लावून चालवा.

अक्कलकोटनाका
कोणीच बोलेरो कॅम्परचं नाव काढलं नाही! डबल कॅब, हौद्यात एक टनाच्या घरात माल, फोर व्हील ड्राइव्हमध्येही बनवलेली. ३० कॅरेटं निवांत.

सोनकिरण
मालासाठी चोख गाडी. पण माणकाठ दादांच्या घरी दोन ज्येष्ठ आहेत. कॅम्परच्या मागच्या सीटची पाठ उभी, पाटे कडक. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पंढरपूरपर्यंत बसवणं अवघड. सुरक्षेतही फरक आहे. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळालेत. भारत एनकॅपची चाचणी प्रवासी गाड्यांचीच होते, मालवाहू पिकअपची नाही.

हुरडापार्टी
मग एसयूव्हीत मागची सीट पाडून कॅरेटं भरायची?

सोनकिरण
दहाबारा बसतील. जाळीने बांधावी लागतील, नाहीतर ब्रेकला पुढच्या माणसाच्या मानेवर येतात. पण औषधाचे डबे, कीटकनाशक, खताची पोती बंद केबिनमध्ये कधीच नको. एसी चालू असतो, काचा वर असतात आणि वाफ तुम्ही, मुलं, म्हातारी माणसं सगळे ओढता. शेतकऱ्याच्या घरी उघड्या हौद्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हा वाटतो.

माणकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. व्ही-क्रॉस आणि हायलक्स यादीतून काढतोय, वजनातही बसत नाहीत आणि सीटांतही. आता प्रश्न असा, की स्कॉर्पिओ-एन घेऊन हंगामात भाड्याची पिकअप लावावी, की जुनी एसयूव्ही आणि नवी साधी पिकअप अशा दोन घ्याव्यात?

पाटेवाला
माल वर्षातून किती महिने निघतो त्यावर आहे. एकच बहार धरत असाल तर भाड्याची पिकअप परवडते. डांबरापर्यंत माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणा आणि तिथे पिकअपमध्ये भरा, म्हणजे भाड्याच्या गाडीला फोर बाय फोर लागणारच नाही. वर्षभर काही ना काही निघत असेल, डाळिंब, कांदा, ज्वारी, तर स्वतःची पिकअप हवी आणि तीही टू व्हील ड्राइव्ह, कारण चिखलातलं काम ट्रॅक्टरच करणार.

माणकाठ
एकच बहार, मृगाचा. कांदा थोडा.

पाटेवाला
मग स्कॉर्पिओ-एन आणि भाड्याची पिकअप. घरी फवारणीचा पंप आणि औषधं ट्रॅक्टरवरच न्या, गाडीत नको.

बार्शीलाइट
टेस्ट ड्राइव्हला घरातली सहाही माणसं घेऊन जा. ज्येष्ठांना स्वतः चढू-उतरू द्या, पायरीची उंची आणि हाताला धरायची मूठ कुठे येते ते तेव्हाच कळतं. तिसऱ्या ओळीत सगळ्यात उंच माणसाला बसवा.

सीनामाई
आणि सोलापूरच्या नवी पेठेतल्या गर्दीत एक चक्कर मारा. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १.९ मीटरच्या वर आहे, आरशांसकट आणखी. रोज बाजारात जाणार असाल तर तो अंदाज आधीच आलेला बरा.

माणकाठ
शनिवारी शोरूमला जातोय. सहाही जण. वजनकाट्यावरही नेऊ का?

पाटेवाला
जरूर न्या. डिझेलची टाकी फुल करून, सगळ्यांना आत बसवून. आधी पूर्ण गाडी काट्यावर, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून दुसरं वजन. दोन्ही पावत्या इथे टाका, टायरच्या निर्देशांकाशी ताडून सांगतो.